मागे राहिलेल्यांचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या दक्षिण भागात भोर आणि वेल्हे हा डोंगराळ मुलूख पसरलेला आहे. वेल्हे गावाच्या माथ्यावर तोरणा उभा आहे आणि त्याच्या पूर्वेस, डोंगराच्या एका लांब सोंडेने जोडलेला राजगड. खाली कानंदी, गुंजवणी, वेळवंडी आणि नीरा या नद्यांची खोरी आहेत. आषाढात या खोऱ्यांतील भातखाचरे पाण्याने भरून जातात आणि इरली पांघरलेली माणसे दिवसभर वाकून लावणी करताना दिसतात.

या मुलखाचा इतिहास शाळेतील प्रत्येक मुलाला थोडाबहुत ठाऊक असतो. कारीचे कान्होजी जेधे आणि भुतोंड्याचे येसाजी कंक हे याच मातीतील वीर. राजगडावर सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी नांदली. पुढे १७०४ च्या प्रारंभी औरंगजेबाच्या सैन्याने आधी राजगड आणि पाठोपाठ तोरणा घेतला. किल्ला कोणी बांधला, कोणी घेतला, कोणत्या बाजूने चढाई झाली, हे सारे ग्रंथांत नमूद आहे.

परंतु याच इतिहासाला एक साधा प्रश्न विचारून पाहावा. बादशाही फौजेचा तळ या डोंगरांच्या पायथ्याशी पडला होता, तेव्हा आसपासच्या गावांतील चुलींवर काय शिजत होते? पुढच्या पेरणीसाठी राखलेले भात शेतकऱ्याने कोणत्या कपारीत दडवले? तान्ही मुले कडेवर घेऊन बायका कोणत्या रानात शिरल्या, आणि त्या परत आल्या तेव्हा त्यांची घरे त्यांना कोणत्या स्थितीत सापडली? या प्रश्नांपुढे इतिहास बहुधा मौन धरतो. यात इतिहास लिहिणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. लेखणी थोड्यांच्या हाती होती, आणि ती जेथे चालत असे ते ठिकाण दरबाराजवळ होते, चुलीजवळ नव्हते.

युद्ध म्हणजे केवळ रणांगणावरची झुंज नव्हे. जो लढावयास जातो तो एक असतो; त्याच्या मागे राहणारी माणसे दहा असतात. त्या दहांना धान्य पुरवून खावे लागते, एकाचे काम दुसऱ्याने उचलावे लागते आणि पत्राची वाट पाहत रोजचा दिवस नेटाने पार पाडावा लागतो. हे जीवन नोंदले गेले नाही, तर युद्धाचा इतिहास अर्धाच राहतो. म्हणूनच युद्धकाळात सामान्य नागरिकांनी रोजच्या जीवनाची टिपलेली छायाचित्रे ही इतिहासाची पुरवणी मानता कामा नये. तीही मूळ इतिहासाचेच पान होत. आणि ते पान जपणे हे लढायांच्या तारखा ध्यानात ठेवण्याइतकेच महत्त्वाचे शिक्षण होय.

हे पान लिहिण्याचे साधन मानवाला फार उशिरा मिळाले. छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये पॅरिस येथे जगापुढे आली. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत छायाचित्रणाची आवड असणाऱ्यांची एक संस्था स्थापन झाली, आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय विद्वान तिच्या कामात रस घेऊ लागले. परंतु तेव्हाचा कॅमेरा मोठा अवघड होता. १८५५ मध्ये रॉजर फेंटन नावाचा इंग्रज छायाचित्रकार क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेला, तेव्हा त्याला काचेच्या तावदानांचा आणि रसायनांचा पसारा घोड्यांच्या गाडीतून न्यावा लागला. चित्र उमटावयास काही क्षण लागत आणि तेवढ्यात जे हलेल ते पुसट येई. त्यामुळे त्याच्या चित्रांत धावणारे सैन्य दिसत नाही. तंबू, तोफा आणि स्तब्ध बसलेली माणसे तेवढी दिसतात.

पुढे हे साधन हळूहळू हलके व स्वस्त झाले. १८८८ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन याने गुंडाळीच्या फिल्मचा छोटा कॅमेरा विक्रीस आणला, आणि १९०० मध्ये त्याच्याच कंपनीचा ‘ब्राउनी’ हा कॅमेरा एका डॉलरला मिळू लागला. तो मुलांनाही सहज वापरता येईल असा साधा होता. अशा रीतीने, चित्र कोणाचे निघावे हे ठरवण्याचा जो अधिकार पूर्वी राजाकडे आणि धनिकाकडे होता, तो प्रथमच सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

तथापि सर्व देशांतील सर्व घरांना हा अधिकार एकाच वेळी मिळाला नाही. सह्याद्रीच्या खोऱ्यांकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट ध्यानात येते. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. कूत-अल-अमारा येथे १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलअखेरपर्यंत जो वेढा पडला, त्यात त्यांच्या जवानांनी उपासमारही सोसली. दुसऱ्या महायुद्धात या पलटणी आफ्रिकेतील एरिट्रियात आणि नंतर इटलीच्या डोंगरांत झुंजल्या. वेल्ह्याच्या घाटमाथ्यावरून खाली कोकणात उतरले की काही अंतरावर माणगाव तालुका लागतो. त्या तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले, त्यांनी ते ठाणे जिंकले आणि त्याच ठिकाणी त्यांना वीरमरण आले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देऊन त्यांचा गौरव झाला.

त्या दिवशी इटलीतील त्या टेकडीवर क्षणाक्षणाला काय घडले, याची नोंद आहे. आणि ती असणे सर्वथा योग्य आहे. परंतु जुलै म्हणजे कोकणात आणि मावळात भातलावणीचे दिवस. त्याच दिवशी, त्याच वेळी, जवानांच्या गावांत त्यांच्या वाट्याची लावणी कोण करीत होते? त्यांचे बैल कोण हाकीत होते? याची नोंद नाही.

मावळातील ज्या घरांतून कोणी पलटणीत गेले, त्या घरांच्या भिंतीवर कधी कधी एक जुने छायाचित्र टांगलेले दिसते. नवा गणवेश घातलेला तरुण ताठ उभा असतो. त्याच्या पाठीमागे रंगवलेला पडदा आणि शेजारी उंच तिवईवर फुलदाणी असते. चित्र छावणीच्या गावी एखाद्या छायाचित्रकाराच्या दुकानात काढलेले असते. घरी पाठवण्यासाठी त्याने ते हौसेने काढून घेतले, आणि घरच्यांनी ते देवासारखे जपले. मात्र ते चित्र ज्या घरात आले, त्या घराचे चित्र कोणी काढले नाही. पत्र आले की ते वाचून घेण्यासाठी शाळेच्या गुरुजींकडे धावणारी आई, मनीऑर्डरीच्या कागदावर अंगठा उठवणारा बाप, वडिलांचा चेहरा विसरत चाललेले लहान मूल यांपैकी कोणीही त्या चौकटीत नाही.

वस्तुतः दुसरे महायुद्ध या घरांच्या चुलीपर्यंत येऊन पोहोचले होते. भोर तेव्हा संस्थान होते; राजगड आणि प्रचंडगड म्हणजेच तोरणा या नावांचे तालुके त्यात मोडत, आणि ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले. मावळात बॉम्ब पडले नाहीत, हे खरे. परंतु १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानने जिंकला आणि तेथून हिंदुस्थानात येणारा तांदूळ व रॉकेल बंद झाले. धान्य महाग झाले. दिव्याच्या चिमण्या लवकर विझू लागल्या. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत धान्याचे नियंत्रित वाटप सुरू झाले. त्याच वर्षी तांबे वाचवण्यासाठी सरकारने मध्यभागी भोक असलेला पैसा काढला. हा भोकाचा पैसा अजूनही एखाद्या जुन्या डब्यात सापडतो. दूरच्या युद्धाने गरिबाच्या पैशातूनही तांबे काढून नेले, याची साक्ष ते एवढेसे नाणे देते. एक नाणे जर इतके सांगू शकते, तर त्या काळच्या एखाद्या स्वयंपाकघराचे, एखाद्या बाजारदिवसाचे चित्र किती सांगू शकले असते!

जे मावळातील घराला साधले नाही, ते युद्धाच्या त्याच वर्षांत मुंबईत एका तरुण स्त्रीने करून दाखवले. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ मध्ये नवसारी येथे झाला. त्यांचे शिक्षण मुंबईत झाले, जे. जे. कलाशाळेत त्या शिकल्या. त्यांचे पती माणेकशा यांच्याकडून त्यांनी छायाचित्रण आत्मसात केले. आरंभी त्यांनी मुंबईचे रोजचे जीवन, तेथील रस्ते आणि तेथील माणसे टिपली. एका दैनिकाने छापलेल्या प्रत्येक चित्रामागे त्यांना एक रुपया मिळे. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्या एका प्रसिद्ध सचित्र साप्ताहिकासाठी काम करू लागल्या आणि १९४२ मध्ये दिल्लीस गेल्या. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची पुढे ख्याती झाली, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान लाभला. परंतु आरंभीच्या त्या दिवसांत त्यांची अनेक चित्रे त्यांच्या पतीच्या नावाने छापली जात. कारण स्त्रीच्या नावाला तेव्हा कोणी ओळखत नव्हते. चित्र टिकले, पण ते घेणारीचे नाव चित्राखाली नव्हते. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

युद्धकाळातील दुःखाची साक्ष छायाचित्र कशी देते, हे १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाने दाखवून दिले. ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला होता, भाव गगनाला भिडले होते, आणि युद्धाच्या धामधुमीत खेड्यातील भुकेल्या माणसाकडे कोणाचे लक्ष नव्हते. त्या आपत्तीत वीस ते तीस लाख माणसे दगावली असा अंदाज केला जातो. सरकार तिला दुष्काळ म्हणण्यासही राजी नव्हते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ पत्राने उपाशी माणसांची छायाचित्रे छापली, तेव्हा दिल्लीला आणि विलायतेला सत्य नाकारणे कठीण झाले. सुनील जाना हा कलकत्त्यातील इंग्रजी वाङ्मयाचा विद्यार्थी हौसेने छायाचित्रे काढीत असे. त्याने अभ्यास बाजूला ठेवला आणि तो दुष्काळी खेड्यांतून फिरला. त्याची चित्रे मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास चित्तप्रसाद या चित्रकाराने हाताने रेखाटलेल्या दुष्काळचित्रांचे पुस्तक काढले. सरकारने त्याच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. एखाद्या राज्याला चित्राची इतकी भीती का वाटावी? कारण आकडा ऐकून माणूस मान हलवतो आणि पुढे जातो. परंतु चेहरा पाहिल्यावर त्याला थांबावे लागते.

दूरच्या देशांतही हेच दिसून येते. १९४४ च्या हिवाळ्यात हॉलंडचा पश्चिम भाग जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. अन्न आणि कोळसा यांचा पुरवठा तुटला होता, आणि वीस हजारांच्या आसपास माणसे भूक व थंडी यांनी मरण पावली. ॲम्स्टरडॅम शहरातील काही छायाचित्रकारांनी एक गुप्त मंडळ बनवले. ते कॅमेरा बाजारच्या पिशवीत किंवा अंगरख्याखाली लपवून फिरत आणि मिळेल तेथून चित्र घेत. पकडले गेल्यास तुरुंग किंवा त्याहून भयंकर शिक्षा ठरलेली असे. त्यांनी कशाची चित्रे घेतली? रिकामे भांडे घेऊन निघालेला मुलगा, सरपणासाठी ट्रामच्या रुळांमधील लाकडी ठोकळे उपटणारी माणसे, अशा गोष्टींची. सेनापती त्यांत नव्हते. परंतु त्या हिवाळ्याचा इतिहास हॉलंडमधील लोक आज याच चित्रांतून ओळखतात.

पोलंडमधील लोड्झ शहराची हकीकत याहून हृदयद्रावक आहे. तेथे जर्मन सत्तेने ज्यू लोकांना एका वस्तीत कोंडून ठेवले होते. हेन्रिक रॉस नावाचा छायाचित्रकार त्या वस्तीच्या कचेरीत नोकरीस होता. ओळखपत्रांसाठी चेहरे टिपणे आणि कारखान्यांत काम कसे नीट चालले आहे हे दाखवणारी चित्रे काढणे, हे त्याचे नेमून दिलेले काम. ते करीत असतानाच तो अंगरख्याआडून दुसरीही चित्रे घेत असे. त्यांत रस्त्यावर कोसळलेली माणसे होती, आणि प्रियजनांचा निरोप घेणारीही होती. त्याचबरोबर लग्नाचा एखादा छोटा समारंभ होता, खेळणारी मुले होती, बाळाला हसवणारी आई होती. मरणाच्या छायेतही माणसे जगण्याचे विसरत नाहीत, ही गोष्ट त्याने नोंदवली. १९४४ मध्ये त्याने सुमारे सहा हजार निगेटिव्ह पेटीत घालून जमिनीत पुरून ठेवल्या. पुढच्या वर्षी शहर मुक्त झाल्यावर त्याने ती पेटी उकरून काढली. पाण्याने निम्म्या चित्रांचा नाश झाला होता. उरलेली निम्मी आज साऱ्या जगाची ठेव झाली आहेत.

या मताविरुद्ध काही आक्षेप घेतले जातात, आणि त्यांचा विचार केल्यावाचून पुढे जाणे उचित होणार नाही.

पहिला आक्षेप असा, की समोर मनुष्य वेदनेने तळमळत असताना त्याचे चित्र काढीत उभे राहणे हे निर्दयपणाचे लक्षण आहे. हा आक्षेप खोटा नाही. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा योशितो मात्सुशिगे हा एका स्थानिक वृत्तपत्राचा छायाचित्रकार त्या शहरात होता. भाजलेली मुले व माणसे एका पुलापाशी जमलेली त्याने पाहिली. कॅमेरा हातात असूनही बराच वेळ त्याला कळ दाबवेना. डोळ्यांतील पाण्याने समोरचे दृश्य दिसेनासे झाले. दिवसभर तो शहरात हिंडला. चोवीस चित्रे निघतील एवढी फिल्म त्याच्यापाशी होती, परंतु त्या दिवसाची त्याची अवघी पाच चित्रे उरली आहेत. ती पाच चित्रे नसती, तर त्या दिवशी जमिनीवर काय घडले हे जगाने डोळ्यांनी पाहिलेच नसते. आणि त्याचा हात थरथरला नसता, तर त्या चित्रांविषयी आज जो आदर वाटतो, तोही वाटला नसता. यातून एक नियम निघतो. जेथे आपल्या हाताने दुसऱ्याचे दुःख हलके होण्यासारखे असेल, तेथे आधी हात पुढे करावा, कॅमेरा नंतर. जेथे आपला हात अपुरा पडतो, तेथे साक्षी होणे हीसुद्धा सेवाच होय. आणि ज्याचे चित्र घ्यावयाचे, त्याची लाज व मान ही आपलीच समजून मगच ते घ्यावे.

दुसरा आक्षेप असा, की छायाचित्र खोटेही बोलते. हेही खरे आहे. रॉसच्या कचेरीला हवी असलेली चित्रे आणि त्याने चोरून घेतलेली चित्रे एकाच वस्तीची होती. परंतु पहिली पाहणाऱ्याला तेथे सारे सुरळीत आहे असे वाटावे. आजच्या काळात तर जे कधी घडलेच नाही त्याचेही हुबेहूब चित्र यंत्राकडून तयार करता येते. परंतु खोट्या नाण्याच्या भयाने कोणी व्यवहार थांबवीत नाही. नाणे वाजवून घेण्यास शिकतो. चित्र कोणी घेतले, कोठे घेतले, केव्हा घेतले, चित्रात कोण आहे आणि ते कोणाच्या सांगण्यावरून घेतले गेले, हे प्रश्न म्हणजे चित्र वाजवून पाहण्याची रीत होय. ज्या चित्रापाशी या प्रश्नांची उत्तरे आहेत, ते साक्षीदार म्हणून उभे राहू शकते.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. युद्धकाळात पूल, रेल्वे, सैन्याचे तळ यांची चित्रे शत्रूच्या हाती पडल्यास अनर्थ ओढवतो. म्हणूनच १९३९ मध्ये ब्रिटनने हुकूम काढून अशा गोष्टींच्या छायाचित्रणावर निर्बंध घातले. हे बंधन सुजाण नागरिकाने पाळलेच पाहिजे. मात्र नोंद करणे आणि लगेच जगाला दाखवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. घरातील कणगी, शिध्याच्या दुकानापुढील रांग, आजीच्या हातातील पत्र यांत शत्रूच्या उपयोगाचे काही नाही. आणि जे आज दाखवू नये, ते जपून ठेवले तर उद्याच्या इतिहासाला उपयोगी पडेल.

आता पुन्हा भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांकडे वळणे योग्य होईल. येथील मुलाच्या हाती आज जे साधन आहे, ते १९४३ मध्ये मोठमोठ्या छायाचित्रकारांच्याही स्वप्नात नव्हते. घरातील भ्रमणध्वनीवर एका सणाच्या दिवशी शंभर चित्रे निघतात. परंतु शंभर चित्रे निघणे म्हणजे एक चित्र उरणे नव्हे. यंत्र बिघडले की ती एका क्षणात नाहीशी होतात. आणि उरली तरी चाळीस वर्षांनी त्यांतील चेहरे ओळखणारे कोणी उरेलच असे नाही. जुन्या चित्रांची स्थिती तर अधिकच कठीण आहे. वेल्ह्याकडचा पाऊस मोठा, भिंतींना ओल येते, चुलीचा धूर वर्षानुवर्षे काचेवर बसतो. गणवेशातील तो तरुण हळूहळू फिकट होत चालला आहे, आणि त्याचे नाव, त्याची पलटण व तो गेल्यावर घर कोणी सांभाळले ही हकीकत सांगू शकणारी वृद्ध माणसे दरवर्षी कमी होत चालली आहेत.

म्हणून या बाबतीत शाळकरी मुलामुलींनी करण्यासारखे एक काम आहे, आणि ते मोठ्यांच्या हातून सहसा होत नाही. घरातील किंवा शेजारच्या घरातील एखादे जुने छायाचित्र परवानगी घेऊन खाली उतरवावे. आजीजवळ किंवा आजोबांजवळ बसून त्यातील प्रत्येकाचे नाव विचारावे. मऊ शिसपेन्सिलीने, फार न दाबता, चित्राच्या मागे नाव, गाव आणि आठवत असेल ते वर्ष लिहावे. चित्र कोणी काढले हे समजल्यास तेही लिहावे. होमाईंच्या चित्रांखाली जी उणीव राहिली, ती येथे राहू नये. चित्रातील स्त्रीची ओळख ‘अमक्याची आई’ किंवा ‘तमक्याची सून’ एवढ्यावरच थांबवू नये. तिचे स्वतःचे नाव विचारून घ्यावे. ते नाव सांगताना वृद्ध माणसालाही क्षणभर आठवावे लागते, यातच त्या प्रश्नाचे महत्त्व आहे. चित्र मग स्वच्छ कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावे, किंवा काचेवरची धूळ पुसून पुन्हा भिंतीवर लावावे.

आणि ज्या घराच्या भिंतीवर केवळ सैनिकाचेच चित्र आहे, मागे राहिलेल्यांचे नाही, तेथे काय करावे? तेथे चित्तप्रसादाचे उदाहरण आठवावे. त्याच्या हाती कॅमेरा नव्हता, तरी त्याने साक्ष दिली. आजीला आठवते ते वहीत उतरवून घ्यावे. त्या वर्षी घरात काय शिजत होते, दिव्याला तेल कोठून आणले, पत्र कोणी वाचून दाखवले आणि ते ऐकताना कोण कोठे बसले होते, हे सारे लिहावे. अशी दोन पाने म्हणजे न निघालेले छायाचित्रच होय.

शांततेच्या दिवसांतही ही सवय लावून घेतली पाहिजे. संकटाचा काळ आला म्हणजे मनुष्य गोंधळतो; जे शांतपणे पाहण्यास आधी शिकलेले असतात, तेच तेव्हा नीट पाहू शकतात. आज लावणी करणारे हात, बाजाराला निघालेली एस. टी., सीमेवरून रजेवर आलेला गावातील जवान आणि त्याच्या पुढ्यात ताट वाढणारी त्याची आई, हे सारे एखाद्याने आज आदराने टिपले आणि त्याखाली चार शब्द प्रामाणिकपणे लिहिले, तर पुढील पिढीला या खोऱ्याविषयी असे प्रश्न विचारून निरुत्तर परत जावे लागणार नाही.

तोरण्याच्या बुरुजांवरून खाली पाहिले म्हणजे गावांतील घरे काड्यापेट्यांएवढी दिसतात. इतिहासाने फार काळ त्यांच्याकडे तेवढ्याच उंचीवरून पाहिले. गडाची वाट उतरून, उंबरठा ओलांडून, त्या घरांतील माणसांची नावे विचारण्याचे काम अजून व्हावयाचे आहे. त्याला मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. एक पेन्सिल, थोडी सवड आणि ऐकून घेण्याची इच्छा एवढे त्याला पुरेसे आहे.